मुंबई आंदण मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले?

विचारलेला प्रश्न असा आहे: पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबईची सात बेटे इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली, तर अवघ्या सात वर्षांत त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला का देऊन टाकली, आणि त्या ओसाड बेटांवर कंपनीने वसाहत कशी उभी केली?

प्रश्न चांगला आहे, परंतु त्यात गृहीत धरलेल्या तीन गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. राजाला सात बेटे मिळाली नव्हती, दहा पौंड हे बाजारभावाचे भाडे नव्हते आणि बेटे ओसाड तर मुळीच नव्हती. मी गेली तीस वर्षे मुंबई बेटावरील जमिनींचे जुने दस्त वाचून मालकीहक्काचा माग काढण्याचे, म्हणजे आमच्या भाषेत 'टायटल सर्च' घेण्याचे काम करतो. या कामात सतराव्या शतकापर्यंत मागे जाण्याची वेळ क्वचितच येते. पण आली की लक्षात येते की मुंबई ही वसाहत एका विवाहाच्या तहाने स्थापन झाली असे म्हणणे फार ढोबळ आहे. तहाने एक दावा मिळाला. वसाहत त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत, तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांशी केलेल्या करारांनी उभी राहिली, आणि त्या करारांच्या खुणा आजही मालमत्ता पत्रकावर सापडतात.

आधी तहाकडे वळू. दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला आणि विवाह पुढच्या वर्षी मे महिन्यात पार पडला. राजाला मुख्य आकर्षण होते ते वीस लाख क्रुझादोंच्या (पोर्तुगीज नाण्यांच्या) रोख रकमेचे आणि उत्तर आफ्रिकेतील टँजियर या बंदराचे. मुंबईचा उल्लेख अकराव्या कलमात आला. 'हुंडा' म्हणण्यापेक्षा आपला 'आंदण' हा शब्द इथे अधिक नेमका आहे, कारण वधूबरोबर आलेली ही मालमत्ता होती आणि तिच्या बदल्यात वधूच्या घरचेही काही मागत होते. पोर्तुगाल १६४० साली स्पेनच्या सत्तेतून बाहेर पडला होता आणि पूर्वेकडे डच त्याची ठाणी एकेक करून गिळत होते. कोलंबो १६५६ साली गेले होते आणि कोचीनही १६६३ साली जाणार होते. इंग्लंडने पूर्वेकडील पोर्तुगीज मुलखाचे डचांपासून रक्षण करावे, ही या देवघेवीतली खरी किंमत होती आणि ती तहाच्या गुप्त कलमात लिहिली होती.

अकराव्या कलमात 'मुंबई बंदर आणि बेट', त्याचे हक्क, उत्पन्न आणि त्याला लागून असलेला मुलूख असा उल्लेख होता. हद्द कुठेही दिलेली नव्हती. जमिनीच्या व्यवहारात चतुःसीमा न लिहिलेला दस्त पुढे किती वाद निर्माण करतो हे कोणत्याही वकिलाला ठाऊक असते. इथे दोन राजांनी तसा दस्त केला होता. कुलाबा, लहान कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटांची यादी आपण शाळेत पाठ करतो, पण ती तहात नाही. लंडनच्या दरबारातील मंडळींची समजूत होती की साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे मोठे बेट, आणि ठाणेही यात येते. गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मते ज्याला मुंबई म्हणतात ते एक बेट, तेवढेच यात येत होते.

सुरतेच्या इंग्रज वखारीतील लोकांना मात्र या बंदराची किंमत राजापेक्षा कितीतरी आधी कळली होती. १६२६ साली इंग्रज आणि डच यांच्या संयुक्त आरमाराने मुंबईवर छापा घालून तिथला जमीनदाराचा वाडा जाळला होता. १६५२ साली सुरतेच्या कौन्सिलने हे बंदर पोर्तुगीजांकडून विकत घ्यावे अशी सूचना केली होती. सुरतेत कंपनी मोगलांची भाडेकरू होती. सुभेदाराची मर्जी फिरली की वखारीचे दरवाजे बंद होत. पावसाळ्यात जहाजे सुरक्षित उभी राहतील असे खोल, वाऱ्यापासून आडोसा असलेले आणि कोणाच्याही मेहेरबानीवर न चालणारे बंदर त्यांना हवे होते. तरीही तहाची वाटाघाट त्यांच्यासाठी झाली नव्हती आणि मुंबई आधी राजाची झाली.

राजाने ताबा घेण्यासाठी मार्लबरोच्या अर्लच्या हाताखाली जहाजे पाठवली. त्यांवर सर अब्राहम शिपमन हा नियोजित गव्हर्नर आणि त्याच्याबरोबर चारशेंहून अधिक शिपाई होते. सप्टेंबर १६६२ मध्ये हा ताफा मुंबईच्या बंदरात आला आणि व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो दे कास्त्रो याने ताबा देण्यास नकार दिला. कागदपत्रे विहित नमुन्यात नाहीत, शिपमनचे अधिकारपत्र पुरेसे नाही, अशी कारणे त्याने पुढे केली. महसूल कचेरीत चकरा मारलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. पण व्हाइसरॉयला केवळ अडवणूक करायची नव्हती. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी आपण हिंदुस्थान गमावू, असे त्याने आपल्या राजाला कळवले होते, आणि त्याचा अंदाज खोटा ठरला नाही.

अर्ल परत गेला. शिपमनला सुरतेत उतरता येईना, कारण मोगल प्रदेशात राजाचे सैन्य उतरले असते तर कंपनीचा व्यापार संपला असता. मुंबईतही उतरता येईना. अखेरीस तो कारवारजवळच्या अंजदीव या छोट्या बेटावर आपले शिपाई घेऊन राहिला. तिथल्या दोन पावसाळ्यांत तापाने आणि अतिसाराने माणसे मरत गेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. अखेर जेव्हा मुंबईचा ताबा मिळाला तेव्हा त्या चारशेंहून अधिक शिपायांपैकी सुमारे शंभर जिवंत उरले होते. इंग्रजांच्या मुंबईचा इतिहास मुंबईबाहेर, कारवारच्या किनाऱ्याजवळ आणि अशा रीतीने सुरू होतो, हे सहसा सांगितले जात नाही.

शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने मिळेल त्या अटींवर करार केला आणि १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा घेतला. इथे तारखांविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे, कारण अनेक जण यात अडखळतात. पोर्तुगीज कागदांत नवी ग्रेगोरियन कालगणना आहे, तर इंग्रजी कागदांत जुनी ज्युलियन. दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे हाच दिवस इंग्रजी कागदात ८ फेब्रुवारी १६६४ असा दिसू शकतो. या फरकातून दोन वेगवेगळे समारंभ झाले असा निष्कर्ष काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

ताबा देण्याचा विधी दोना इग्नेस दे मिरांडा या विधवा जमीनदारणीच्या वाड्यात झाला. मुंबई बेटाची जहागीर तेव्हा तिच्याकडे होती. कुकने बेटावर फेरी मारली, माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर चालून भिंतींना हात लावला, आणि हे सारे दस्तात लिहून घेतले. जमिनीचा ताबा प्रत्यक्ष मातीला हात लावून घेण्याची ती युरोपीय पद्धत होती. तो वाडा म्हणजेच पुढच्या किल्ल्याचे मूळ. टाउन हॉलच्या मागे ती जागा आजही आहे आणि तिथे नौदलाचे आय.एन.एस. आंग्रे हे ठाणे आहे. ज्या आंग्र्यांच्या भीतीने त्या किल्ल्याचे बुरुज पुढे वाढवले गेले, त्यांचेच नाव त्या जागेला मिळाले आहे.

ताब्याच्या दस्तात मुंबई बेट आणि त्याच्या हद्दीतील माझगाव, परळ आणि वरळी ही गावे आली. माहीम नव्हते. कुकने ताबा मिळताच माहीमवरही हक्क सांगितला आणि त्याचा युक्तिवाद मोठा गमतीचा होता: ओहोटीच्या वेळी मुंबईतून माहीमला चालत जाता येते, मग ते वेगळे बेट कसे? या युक्तिवादावर विसंबून त्याने माहीम, शीव, वडाळा हा भाग घेतला. कुलाबा तर आणखी दहा वर्षांनी, १६७५ च्या सुमारास इंग्रजांच्या हाती आला. म्हणजे सात बेटे एका सहीने मिळाली नाहीत. त्यांतली काही तहाने, काही ओहोटीच्या आधाराने आणि काही नंतरच्या घासाघिशीने मिळाली. पोर्तुगीजांनी साष्टी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ठाणे व करंजा येथे मुंबईकडे जाणाऱ्या होड्यांवर जकात बसवून त्यांनी नव्या मालकांची बरीच कोंडी केली.

आता 'ओसाड' या शब्दाविषयी. बेटांवर कोळ्यांचे कोळीवाडे होते, मीठ पिकवणारे आणि भात लावणारे आगरी होते, माडी काढणारे भंडारी होते, पाठारे प्रभू आणि पाचकळशी होते, माहीमला मुसलमानांची जुनी वस्ती होती, आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर ही बेटे पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून इथली जमीन जहागिरींत वाटली गेली होती. गार्सिया द ओर्ता या प्रसिद्ध वैद्याकडेही मुंबई बेट काही काळ भाडेपट्ट्याने होते. नारळीच्या वाड्या, भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा, सगळ्यांवर कोणाचा ना कोणाचा हक्क होता. जुन्या इंग्रजी दस्तांत नारळीच्या वाडीला 'ओर्त' म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द. आणि भातजमिनीला 'बॅटी ग्राउंड' म्हणतात, ते आपले 'भात'. दोन भाषांचे हे शब्द इंग्रजी दस्तात टिकले, कारण ज्या जमिनींना ते लागू होते त्या जमिनी इंग्रज येण्यापूर्वीच कसल्या जात होत्या.

राजाला मात्र या साऱ्यातून मिळाला तो खर्च. शिपाई मरत होते, त्यांच्या जागी नवे पाठवायला महिने लागत आणि पगार थकत असत. राजाचे गव्हर्नर आणि सुरतेची कंपनी यांचे पटत नव्हते, कारण मोगलांनी एकाच्या कृत्यासाठी दुसऱ्याला धरले असते. कुकला दूर करून पाठवलेला सर जर्व्हास लुकास १६६७ साली मुंबईतच वारला, आणि त्याच्यानंतरच्या हेन्री गॅरीला कुकनेच आव्हान दिले. उत्पन्न तुटपुंजे आणि भांडणे भरपूर, अशी ती राजवट होती. म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने बेट कंपनीला दिले आणि २३ सप्टेंबरला कंपनीच्या प्रतिनिधींनी ताबा घेतला.

दहा पौंडांचे गूढ या सनदेच्या भाषेतच उकलते. बेट 'ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे (जहागिरीप्रमाणे), मुक्त व सर्वसाधारण सॉकेज' या पद्धतीने, दरवर्षी ३० सप्टेंबरला दहा पौंडांची रक्कम सोन्यात देण्याच्या अटीवर कंपनीकडे राहावे, असे तिथे म्हटले आहे. सॉकेज म्हणजे लष्करी चाकरीचे बंधन नसलेला, ठरलेला खंड देऊन चालणारा जमीनहक्क. अमेरिकेतील व्हर्जिनियासारख्या वसाहतींच्या सनदांतही हेच सूत्र आहे. दहा पौंड म्हणजे बेटाची किंमत नव्हे. राजा हाच वरिष्ठ मालक आहे याची ती वार्षिक कबुली होती. आपल्याकडे मानाचा नारळ देतात तसाच हा प्रकार. प्रत्यक्ष आर्थिक व्यवहार वेगळाच होता. कंपनीने राजाला सहा टक्के व्याजाने पन्नास हजार पौंडांचे कर्ज दिले होते आणि मुख्य म्हणजे बेटाचा सारा खर्च आपल्या अंगावर घेतला होता. त्याच सनदेने बेटावर जन्मणारी राजाच्या प्रजाजनांची मुले इंग्लंडची जन्मजात प्रजा ठरतील असेही म्हटले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मुंबई तेव्हा लंडनशेजारच्या एका जहागिरीसारखी होती, आणि सुरत किंवा मद्रास येथील वखारींपेक्षा तिचा दर्जा वेगळा होता.

कंपनीचा पहिला गव्हर्नर सर जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली वारला आणि जेराल्ड ऑंजियर त्या जागी आला. इथून माझ्या मते खरी स्थापना सुरू होते. ऑंजियरपुढचा सर्वांत मोठा प्रश्न शत्रूचा नव्हता, जमिनीचा होता. राजाच्या गव्हर्नरांनी काही जमिनी जप्त केल्या होत्या. वांद्र्याचे जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री परळ, माहीमकडील जमिनींवर हक्क सांगत होते. ज्यांच्याकडे पोर्तुगीज सनदा होत्या त्यांना त्या टिकतील की नाही याची धास्ती होती. सारी जमीन आता राजाची, पर्यायाने कंपनीची झाली, असा एक विचार होता. दुसरा विचार असा की तहाने लोकांचे खासगी हक्क बुडत नाहीत. प्रत्येक सनद तपासत बसले असते तर पिढ्यान् पिढ्या गेल्या असत्या.

ऑंजियरने खटला सोडून तडजोड केली. १६७२ साली बेटावरील जमीनधारकांच्या प्रतिनिधींची सभा भरली, तिच्यात कलमे ठरली आणि जुलै १६७४ मध्ये ती पक्की झाली. सार असे होते की जमीनधारकांनी सर्वांनी मिळून कंपनीला दरवर्षी २०,००० शेराफिन द्यावेत, गरज पडेल तेव्हा संरक्षणासाठी माणसे द्यावीत आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांच्या ताब्यातील जमिनींवरचा आपला दावा सोडावा. शेराफिन हे गोव्याकडचे पोर्तुगीज नाणे. इंग्रजांच्या वसाहतीचा पहिला मोठा जमीन करार पोर्तुगीज भाषेत मांडलेल्या मागण्यांवर आणि पोर्तुगीज नाण्यांत झाला, यावरून तिथे कोणाची भाषा आणि कोणाचे रिवाज चालत होते ते समजते.

या वार्षिक रकमेला 'पेन्शन' म्हणत, जुन्या पोर्तुगीज अर्थाने, म्हणजे ठरलेला खंड. पुढे तिच्यावर वेगळा कर बसला आणि 'पेन्शन अँड टॅक्स' नावाचा सत्ताप्रकार, म्हणजे जमीन धारण करण्याचा प्रकार, तयार झाला. गिरगावातील एका वाडीच्या वारसांपैकी एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मालमत्ता पत्रकावर हे शब्द पाहून त्यांची समजूत झाली होती की पणजोबांना सरकारकडून निवृत्तिवेतन मिळत असे, आणि त्याची थकबाकी मागता येईल का, असा त्यांचा गंभीर प्रश्न होता. त्यांना सांगावे लागले की पैसे त्या दिशेने कधीच वाहत नव्हते. 'फोरास' हाही असाच जुना प्रकार. पोर्तुगीज 'फोरो' म्हणजे खंड, आणि फोरास रोडच्या नावात तो शब्द राहिला आहे.

या तडजोडीला मी इतके महत्त्व देतो याचे कारण साधे आहे. तिच्यामुळे बेटावरच्या बागाईतदारांना आणि शेतकऱ्यांना नव्या सत्तेखाली राहण्यात आपला फायदा दिसू लागला, आणि बाहेरच्यांना इथे येऊन पैसा गुंतवण्याचा धीर आला. ऑंजियरचे बाकीचे उपाय याच धाग्यातले आहेत. ऑगस्ट १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायदा आला आणि जॉर्ज विल्कॉक्स या न्यायाधीशाच्या हाताखाली न्यायालय सुरू झाले. उद्घाटनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे हिरव्या पोशाखातले ५० भंडारी दोन दोनच्या रांगेत चालत होते आणि त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती लोकांचे प्रतिनिधी होते. हा देखावा मुद्दाम केलेला होता; न्यायालय कोणासाठी आहे हे न वाचताही समजावे म्हणून. प्रत्येक समाजाने आपले किरकोळ तंटे आपल्या पंचांकडून सोडवावेत अशीही व्यवस्था ठरली. टांकसाळ सुरू झाली आणि १६७६ साली तिला राजाची परवानगी मिळाली. भंडाऱ्यांची आणि जमीनधारकांची शिबंदी, म्हणजे स्थानिक फौज, उभी राहिली. १६७३ च्या फेब्रुवारीत डचांचे मोठे आरमार मुंबईसमोर आले तेव्हा ही शिबंदी किनाऱ्यावर उभी होती, आणि डच न लढता निघून गेले.

बाहेरून येणाऱ्यांशी झालेले करार तर विशेष वाचनीय आहेत. दीव येथील नीमा पारख या बनिया व्यापाऱ्याने १६७७ साली मुंबईत येण्यापूर्वी आपल्या अटी लिहून घेतल्या. त्याला आणि त्याच्या लोकांना धर्माचरणाचे पूर्ण स्वातंत्र्य असावे, त्यांच्या आवारात कोणी परधर्मी राहू नये आणि प्राणी मारू नये, मृतांचे दहन आपल्या पद्धतीने करता यावे, कोणालाही बळाने ख्रिस्ती करू नये, पहाऱ्याच्या सक्तीतून सूट मिळावी. पोर्तुगीज मुलखात धर्मन्यायालयाचा धाक होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अटींचे मोल कळते. उदारमतामुळे कंपनीने त्या मान्य केल्या असे समजण्याचे कारण नाही. तिला व्यापारी हवे होते आणि व्यापाऱ्याला हे ठाऊक होते. पारशांचा मलबार टेकडीवरील पहिला दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, याच दशकात मोदी हिरजी वाच्छा यांनी बांधला. चौलकडील विणकरांनाही इथे वसवण्याचे प्रयत्न झाले. सुरत शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये लुटली होती, त्यामुळे गुजरातेतील सावकारांना दुसरा ठावठिकाणा हवासा वाटू लागला होता, हाही भाग आहेच.

ऑंजियरच्या काळात लोकसंख्या दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली, असे वाक्य जिथे तिथे उद्धृत होते. १६७३ साली येऊन गेलेल्या डॉक्टर जॉन फ्रायर याच्या अंदाजावर ते आधारलेले आहे. तेव्हा शिरगणती झाली नव्हती. वाढ झाली होती हे नक्की. सहापट हा आकडा मी कोणत्याही प्रतिज्ञापत्रात लिहिणार नाही.

वाढीची दुसरी बाजू मरणाची होती. भरतीचे पाणी वरळी आणि महालक्ष्मीजवळच्या खिंडीतून आत शिरून मधल्या सखल भागात साचे, आणि नारळाच्या झाडांना कुजक्या मासळीचे खत घातले जाई. त्या काळातल्या समजुतीप्रमाणे दुर्गंधीयुक्त हवेने रोग होत, म्हणून मासळीच्या खतावर बंदीचे हुकूम निघत आणि वाडीवाले ते मोडत. डासांकडे कोणाचेच लक्ष नव्हते. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य' ही इंग्रजांत रूढ झालेली म्हण त्या शतकाच्या अखेरची आहे. ऑंजियर स्वतः ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला.

मराठ्यांशी असलेले संबंध हे या वसाहतीच्या टिकण्याचे दुसरे सूत्र. मुंबईला धान्य, जळाऊ लाकूड आणि इमारती लाकूड समोरच्या मुलखातून, कल्याण-भिवंडीकडून येई, आणि तो मुलूख महाराजांचा होता. त्यात पूर्वीचे एक दुखणे होते. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवून स्वतः आपले निशाण लावून मारा केला होता. त्याबद्दल महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटून हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैदेत टाकले होते. इंग्रज वर्षानुवर्षे त्याची नुकसानभरपाई मागत राहिले. १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन हा मुंबईहून नारायण शेणवी या दुभाष्याला घेऊन रायगडाकडे निघाला तो या मागणीसाठी आणि व्यापाराच्या सवलतींसाठी, आणि योगायोगाने ६ जूनचा राज्याभिषेक त्याला पाहायला मिळाला. भरपाईचे आणि व्यापाराचे कलम मान्य झाले. इंग्रजांची नाणी आपल्या राज्यात सक्तीने चालावीत, हे कलम मात्र महाराजांनी मान्य केले नाही. नाण्याचा आणि सार्वभौमत्वाचा संबंध रायगडावर पुरेपूर ठाऊक होता.

एकीकडे हा तह आणि दुसरीकडे जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला मुक्काम ठोकत असे, कारण सिद्दी मोगलांचा आणि मोगल सुरतेचे मालक. तिथून सिद्दी समोरच्या मराठी गावांवर छापे घाली. याला उत्तर म्हणून १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मायनाक भंडारी याने ते काम नेटाने चालवले. इंग्रजांनी नाकेबंदी केली, १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचे 'डव्ह' हे गलबत मराठ्यांनी पकडले, आणि शेवटी कंपनीने खांदेरीचा नाद सोडून तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. मुंबईच्या इंग्रजी किल्ल्यातून दिसेल इतक्या अंतरावर मराठ्यांचे ठाणे होते आणि ते हलवण्याची ताकद त्या वसाहतीत नव्हती, हे १६८० चे वास्तव आहे. पुढच्या इतिहासाच्या उजेडात मागचे पाहिले की ते नजरेआड होते.

खांदेरीत लढलेला रिचर्ड केग्विन हाच पुढे बंडाचा नायक झाला. कंपनीच्या संचालकांनी काटकसरीपोटी शिपायांचे पगार आणि भत्ते कापले, तेव्हा २७ डिसेंबर १६८३ रोजी त्याने उपगव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला पकडून बेट राजाच्या नावाने चालवायला घेतले. जवळजवळ वर्षभर त्याने कारभार केला, संभाजी महाराजांशी तहही केला आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर बेट सर थॉमस ग्रँथमच्या हवाली केले. राजाचे की कंपनीचे, हा १६६८ चा प्रश्न शिपायांच्या मनातून गेला नव्हता, एवढे या बंडातून दिसते.

खरे संकट कंपनीने स्वतः ओढवून घेतले. १६८७ साली मुख्यालय सुरतेहून मुंबईला आले आणि सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे पकडण्याचे धोरण धरले. फेब्रुवारी १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला. माझगाव पडले, माहीम पडले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. वेढा जून १६९० पर्यंत चालला. औरंगजेबापुढे माफी मागून दीड लाख रुपये दंड भरल्यावर सिद्दी उठला. चाइल्डला काढून टाकण्याचीही अट होती, पण तो त्यापूर्वीच वारला होता. मागे रोगाची साथ राहिली. ऑंजियरने वसवलेले निम्मेअधिक गाव या दोन वर्षांत उजाड झाले असावे, असा माझा अंदाज आहे. वेढ्यात जेझुइटांनी सिद्दीला मदत केली या आरोपावरून त्यांच्या जमिनी मात्र कंपनीने घेतल्या.

सावरायला पंचवीस वर्षे लागली. चार्ल्स बून याच्या गव्हर्नरकीत १७१५ नंतर गावाभोवती कोट बांधला गेला आणि ऑंजियरच्या काळापासून अर्धवट पडलेले सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. त्या समारंभाला रामा कामाठी हा धनाढ्य व्यापारी आपल्या जातभाईंसह हजर होता. वाळकेश्वरचे देऊळ नुकतेच त्याने पुन्हा बांधले होते. दोनच वर्षांत, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याला जन्मभराची कैद झाली. ज्या पत्रांवर तो दोषी ठरला ती बनावट होती, हे पुढे उघड झाले. करार करून आणलेल्या व्यापाऱ्यांना या प्रकरणाने काय वाटले असेल, याचा विचार वाचकाने करावा.

वसाहतीचा 'आरंभीचा' काळ कुठे संपतो, असे विचाराल तर मी १७३९ हे वर्ष सांगेन. चिमाजी आप्पांनी त्या मे महिन्यात वसई घेतली, पोर्तुगीज शेजारी नाहीसा झाला आणि माहीमच्या खाडीपलीकडे थेट मराठे आले. त्या धास्तीने कोटाबाहेर खंदक खणण्याचे ठरले. कंपनीच्या तिजोरीत पैसा कमी होता; मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढून दिली आणि खंदक चार वर्षांत पुरा झाला.